कंटाळा कुठे आला?

सिनेमा बघून आलेल्या माणसाला आपण विचारतो, "कसा आहे?" तो म्हणतो, "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही." या उत्तरातून कुणाच्याच हाती काही लागत नाही, आणि दोष उत्तराचा नाही, प्रश्नाचा आहे. त्याच माणसाला "कंटाळा कुठे आला?", "राग कुणाचा आला?" असं विचारून बघा. तो नेमकी जागा दाखवतो: मध्यंतरानंतरचं गाणं, थोरल्या भावाचं भाषण, शेवटची पंधरा मिनिटं. सुट्टीच्या दिवशी सहज सिनेमाला जाणारा, मालिका लावून भाजी निवडणारी, चित्रकादंबरी नुसती चाळणारा, अशांच्या मताला समीक्षेच्या पंगतीत पाट मिळत नाही. माझं म्हणणं असं की हे मत जागा दाखवण्यात क्वचित चुकतं. कारण सांगायला लागलं की मात्र वरचेवर चुकतं, आणि उपाय सुचवायला लागलं की ते ऐकूच नये.

'शोले'चंच घ्या. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, आणि पहिल्या काही दिवसांत सिनेमा पडला अशीच धंद्यातली हवा होती. जयचा मृत्यू लोकांना रुचला नसावा, अमिताभसारख्या नटाला मारायला नको होतं, असा तर्क निघाला. शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा आणि जयला जिवंत ठेवावं, इथवर रमेश सिप्पी आणि सलीम-जावेद यांच्यात चर्चा झाली. मग थोडं थांबून बघायचं ठरलं, म्हणून तो शेवट वाचला. त्याच सुमारास वरळीच्या 'गीता' थिएटरच्या मालकाने सिप्पींना सांगितलेली गोष्ट मला शंभर परीक्षणांपेक्षा मोलाची वाटते. सिनेमा चालणार हे त्याने ओळखलं होतं, कारण त्याची थंड पेयं आणि आइस्क्रीम खपेनाशी झाली होती. मध्यंतरात लोक खुर्च्या सोडून बाहेरच येत नव्हते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शिट्ट्या मारल्या नाहीत, म्हणून ज्या शांततेला नापसंती समजलं गेलं, तिचा अर्थ कँटीनच्या गल्ल्यावर उलटा निघाला. पुढे 'मिनर्व्हा'त सिनेमा पाच वर्षं चालला.

म्हणजे जयच्या मरणाने लोक दुखावले, ही बातमी खरी होती. तो सिनेमाचा दोष आहे, हा निष्कर्ष खोटा होता. 'सैराट'च्या बाबतीत 2016 मध्ये हेच पुन्हा झालं. 'झिंगाट'वर थिएटरात नाचलेली माणसं शेवटी सुन्न होऊन बाहेर पडली, आणि "सगळं छान, पण शेवट सहन होत नाही" हे वाक्य गावोगावी ऐकू आलं. नागराज मंजुळेंचा सगळा सिनेमा त्या असह्य मिनिटांसाठी उभा आहे, तेव्हा ही तक्रार म्हणजे खरं तर पावतीच. 2018 मध्ये त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला. त्यात नायिका वाचते, आणि जातीचा काटाही बराच बोथट झालेला आहे. "सैराटची मजा नाही" एवढंच म्हणून मराठी प्रेक्षक गप्प बसला. त्याने कारण दिलं नाही, पण जागा बरोबर दाखवली होती.

यावर कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येक तक्रार म्हणजे छुपं कौतुकच समजायचं? तसं मानलं तर भिकार सिनेमा काढणाऱ्यांची चंगळच होईल. तक्रारी दोन जातीच्या असतात आणि त्या ओळखायची खूण सोपी आहे: बोलणारा कुणावर चिडलाय ते बघा. "त्या पोरीच्या भावाला काही वाटलं कसं नाही?" असं कुणी तावातावाने बोलत असेल, तर ती गोष्ट त्याच्या मनात अजून जिवंत आहे. "यांनी असं का दाखवलं?" असं म्हणत असेल, तर त्याला पडद्यामागची माणसं दिसू लागली आहेत. गोष्ट तिथेच संपली.

'गेम ऑफ थ्रोन्स' हे या दुसऱ्या जातीचं ठळक उदाहरण. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग, सातव्यात सात आणि 2019 च्या शेवटच्या पर्वात जेमतेम सहा. वाहिनी जास्त भाग द्यायला तयार होती, पण लेखक-निर्मात्यांनी आवरतं घ्यायचं ठरवलं. त्यापूर्वी याच मालिकेत आवडत्या माणसांची मुंडकी उडाली होती आणि लोक पात्रांवर संतापले होते. या वेळी ते लेखकांची नावं घेऊन संतापले. मालिकेतली राणी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते, याबद्दल ती क्रूर आहे अशी तक्रार कमीच होती. ती इतक्या झटपट अशी कशी झाली, अशी जास्त होती. वर्षभरात मोजके भाग बघितलेल्या माणसालाही "घाई केली" एवढं कळलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. मग दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून मागणी केली की हे पर्व दुसरे लेखक घेऊन नव्याने बनवा. दुखणं खरं होतं, पण औषध हास्यास्पद. पुन्हा बनवल्याने आधी बघितलेलं डोळ्यांसमोरून पुसलं जात नाही.

आता आकड्यांकडे. पाचपैकी साडेतीन तारे दिले की मत दिल्याचं समाधान मिळतं, पण त्यात जागा हरवते. अमेरिकेत 'सिनेमास्कोअर' ही संस्था सिनेमा लागल्याच्या दिवसांत थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून ए प्लस ते एफ अशी श्रेणी भरून घेते. 2017 मध्ये डॅरेन ॲरोनोफ्स्कीच्या 'मदर!'ला तिथे एफ मिळाला, पुढच्या वर्षी 'हेरेडिटरी'ला डी प्लस. जेनिफर लॉरेन्सचा भयपट बघायला म्हणून आलेल्या लोकांच्या पुढ्यात बायबलमधलं रूपक वाढलं गेलं, तर दुसरं काय होणार? त्या श्रेणीने जाहिरातीतलं वचन आणि पडद्यावरचा माल यांतलं अंतर मोजलं. सिनेमा मोजलाच नाही. 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा त्याला भुताची गोष्ट म्हणावं, लोभाची बोधकथा म्हणावी की संस्थानी काळातली दंतकथा, ते सांगणंच अवघड होतं. धंदा बेताचा झाला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. सिनेमा तोच होता. मधल्या वर्षांत एकाने दुसऱ्याला काय सांगितलं, त्याने फरक पडला. "पाऊस बघ, वाडा बघ, हस्तर बघ" असं सांगणारा माणूस तारे देत नव्हता, जागा सांगत होता.

ठरवून, टोळीने दिलेल्या मतांचा मुद्दाही इथे कुणी काढेल. सिनेमा न बघताच त्याला पाडायला निघालेल्या फौजा असतात, हे खरं आहे. 2019 मध्ये 'रॉटन टोमॅटोज'ने प्रदर्शनाआधी प्रेक्षकांची उत्सुकता टक्क्यांत दाखवणं बंद केलं, ते 'कॅप्टन मार्व्हल'वर अशीच धाड पडल्यावर. पण अशा फौजेला "कुठे?" असं विचारलं की ती गप्प होते, कारण न बघितलेल्या सिनेमातली जागा दाखवता येत नाही.

मालिकांचा प्रश्न जास्त खडतर आहे. "पाणी घालतायत" ही मराठी घरातली सर्वांत जुनी समीक्षा. ती कुठल्या सासूवर नसते, मालिका लांबवणाऱ्यांवर असते, म्हणजे वरच्या खुणेप्रमाणे खरीखुरी नापसंती. तरीही 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. लोक नावं ठेवतात आणि बघतातही, मग त्यांच्या मताला किंमत ती काय, असा वाहिनीचा सवाल असतो. त्यावर उत्तर असं की टीआरपी टीव्ही चालू होता का ते मोजतो, समोरचा माणूस कितपत बघत होता ते मोजत नाही. संध्याकाळी सातला कुकरच्या शिट्टीबरोबर चालू होणारा संच हा घराचा आवाज असतो, त्याला पसंतीचं मत मानणं सोयीचं आहे म्हणून मानलं जातं.

पण चित्रकादंबरीपाशी माझीही खूण तोकडी पडते. 'भीमायन' 2011 मध्ये आलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, विषय बाबासाहेबांचं आयुष्य: साताऱ्यातलं बालपण, महाडचं पाणी, बडोद्यात नाकारलेला निवारा. सहज चाळणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली, "कुठून कुठे वाचायचं तेच कळत नाही." हा राग पात्रावर नाही आणि लेखकावरही नाही, बोलणारा जरा स्वतःवरच वैतागलेला आहे. जागा मात्र त्याने याही वेळी बरोबर पकडली आहे. व्याम दांपत्याने पानावर चौकोनी चौकटी आखलेल्याच नाहीत. माणसांना तशा कोंडून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. प्रसंग वळणावळणाच्या नक्षीने वेगळे होतात, प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मराठीत चित्रकादंबरीवर लिहिणारे इतके थोडे आहेत की हे सांगायला बहुधा कुणी येत नाही. वाचक "आपल्याला नाही जमायचं हे" म्हणून पुस्तक परत ठेवतो. त्या वेळी शेजारी कुणी असेल, तर त्याने पुस्तक चांगलं की वाईट या वादात न पडता विंचवाची नांगी असलेलं पान उघडून त्याच्यासमोर धरावं.