हंगामी प्रशिक्षकाचा हक्क कोणता?

'प्रभारी' हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण. पद मात्र नाही. भारतीय फुटबॉलमध्येही हेच घडत आले आहे. म्हणून हा विषय केवळ क्रीडापानाचा आहे असे आम्ही मानत नाही.

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. इंडियन सुपर लीगचे तीन साखळी सामने उरले होते. संघ मिरांडांच्या हाती हंगामी म्हणून देण्यात आला. हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२, जमशेदपूरवर ५-०, असे तिन्ही सामने त्यांनी जिंकून दिले. गोवा साखळीत अव्वल आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ अशी मात केली. पुढच्या हंगामासाठी क्लबने स्पेनचेच हुआन फेरांडो आणले.

हा अन्याय होता काय? केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. संघ लोबेरांनी बांधलेला होता आणि तीन सामन्यांवरून कोणाचीच योग्यता ठरत नाही. नवा माणूस आला की खेळाडूंना काही दिवस हुरूप येतोच. मँचेस्टर युनायटेडने डिसेंबर २०१८ मध्ये हंगामी नेमलेल्या सोल्शायर यांना विजयांच्या मालिकेवर भाळून मार्च २०१९ मध्ये कायम केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काढून टाकले. उलट अर्जेंटिनाने २०१८ मध्ये हंगामी घेतलेले आणि नंतर कायम केलेले स्कालोनी अनुभवशून्य म्हणून हिणवले गेले. त्यांनीच २०२२ चा विश्वचषक जिंकून दिला.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. मार्च २०२३ मध्ये ओडिशा एफसीने मिरांडांना पुन्हा हंगामीच नेमले. २५ एप्रिल रोजी कोझिकोड येथे बंगळुरू एफसीला २-१ ने हरवून त्यांनी ओडिशाला सुपर कप मिळवून दिला. पुढच्याच महिन्यात क्लबने मुख्य प्रशिक्षक नेमला. कोणाला? लोबेरांना! लोबेरांची पात्रता आम्ही नाकारत नाही. मुंबई सिटीला २०२०-२१ मध्ये साखळीचे अव्वल स्थान आणि विजेतेपद दोन्ही त्यांनीच मिळवून दिले होते. पण ती पात्रता त्यांनी पूर्ण हंगाम मिळाल्यामुळेच सिद्ध केली ना? अनुभव नाही म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो? कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, हंगामी म्हणून काम केले एवढ्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मात्र घटनेचे कलम १६ शासकीय नोकरीत समान संधीची हमी देते. म्हणजे नेमणुकीचा हक्क नसला तरी निःपक्षपातीपणे विचार होण्याचा हक्क आहे. खाजगी क्लबला हे कलम लागू नाही हे आम्हीही जाणतो. पण न्यायाचे तत्त्व मैदानाच्या फाटकाबाहेर थांबत नाही.

संधी दिली की काय होते? खालिद जमील यांनी जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी सूत्रे घेतली आणि उरलेल्या साखळी सामन्यांत एकही पराभव न होऊ देता संघ उपांत्य फेरीत नेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना कायम करण्यात आले. आयएसएलमधील ते पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक. पुढच्या हंगामात संघ अकरांत दहावा आला. 'बघा, आम्ही म्हणतच होतो' असे म्हणणाऱ्यांना तेव्हा जोर चढला असेल. पण पुढे जमशेदपूरने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मिरांडांनाही २०२५ मध्ये चेन्नईयिनने मुख्य प्रशिक्षक नेमले. ओडिशाच्या करंडकानंतर दोन वर्षांनी!

हंगामी माणसाला आपोआप कायम करा, असे आमचे म्हणणे नाही. पण हंगामी नेमताना मुदत सांगा. कोणत्या कसोटीवर तोलणार तेही आधीच सांगा. सामने किती जिंकले एवढेच पाहू नका. संघ कसा घडवला, तरुण खेळाडू किती पुढे आणले, हरल्यानंतर काय बदलले हे पाहा. आणि बाहेरून येणाऱ्यालाही तीच कसोटी लावा. एकाला हंगाम आणि दुसऱ्याला तीन सामने देऊन दोघांची गुणवत्ता तोलणे ही परीक्षा नव्हे. निकाल आधी लिहून ठेवायचा आणि पेपर नंतर घ्यायचा, असा तो प्रकार आहे.