नव्या संघाची पारख

कोणत्याही खेळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वींचे दिवस त्या खेळाच्या अभिमान्यांस फार गोड वाटतात. अद्यापि एकही सामना हरलेला नसतो. प्रत्येक नवा गडी वीर भासतो. आणि गतवर्षींच्या चुका गतवर्षींच्या माणसांबरोबर निघून गेल्या, अशी सर्वांची समजूत असते. अशा दिवसांत मनुष्य आपल्या संघाची पारख कशी करतो, व ती कशी करावी, ह्याविषयीं विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. उदाहरण आम्ही घेतों तें दूरचें, म्हणजे अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचें. परंतु उदाहरण दूरचें असलें तरी खेळ परका नाहीं.

ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून जेम्स नेस्मिथ हे स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या विद्यालयांत शिक्षक झाले. हिवाळ्यामुळें कोंडून पडलेल्या आपल्या वर्गासाठीं त्यांनीं १८९१ सालच्या डिसेंबरांत हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या, तेरा नियम आणि अठरा विद्यार्थी, एवढीच काय ती सामग्री. त्याच विद्यालयांत शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, हें आपल्याकडील व्यायामशिक्षकांस ठाऊक आहेच. इकडे नेस्मिथ १८९८ सालीं कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथें फॉग ॲलन हे त्यांचे शिष्य झाले. ॲलन यांचे शिष्य ॲडॉल्फ रप. आणि रप यांनीं १९३० पासून १९७२ पर्यंत केंटकीचा संघ घडवून ८७६ सामने जिंकले. म्हणजे एका शिक्षकाच्या वर्गांतून निघालेली ही परंपरा थेट केंटकीस जाऊन पोहोंचते. ह्या विद्यापीठानें आजवर आठ वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. लेक्सिंग्टन शहरांत रप यांच्या नांवाचें जें क्रीडागृह १९७६ सालीं उघडलें, त्यांत वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. त्या संस्थानांतील शेतकरी, खाणकामगार, वकील व दुकानदार ह्या सर्वांस हा संघ आपल्या घरचाच वाटतो.

अशा ह्या संघावर २०२४ सालीं मोठा प्रसंग आला. मार्च महिन्यांत राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरींत ओकलंड नांवाच्या विद्यापीठानें त्यास ८० विरुद्ध ७६ गुणांनीं हरविलें. एप्रिलमध्यें पंधरा हंगाम संघ सांभाळणारे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कन्सॉ विद्यापीठाकडे गेले. त्यांच्या मागोमाग गडीही पांगले. कोणी धंदेवाईक संघांचा मार्ग धरला, तर कोणी दुसऱ्या विद्यापीठाचा. शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंपैकीं एकही उरला नाहीं. नवे प्रशिक्षक मार्क पोप हे १९९६ सालच्या केंटकीच्या विजेत्या संघाचे नायक. परंतु प्रशिक्षक ह्या नात्यानें त्यांनीं राष्ट्रीय स्पर्धेंत तोंवर एकही सामना जिंकलेला नव्हता, म्हणून कित्येकांनीं प्रथम नाकें मुरडलीं. तथापि दोनच दिवसांनीं त्यांच्या स्वागतास सारें क्रीडागृह भरून गेलें. पोप यांनीं थोड्याच महिन्यांत बारा नवे खेळाडू जमविले. त्यांपैकीं नऊ दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले व तीन नुकतेच महाविद्यालयांत पाऊल ठेवणारे.

मग अभिमान्यांची पारख सुरू झाली. प्रत्येकाच्या हातीं आंकड्यांची वही आली. कोबी ब्रे हा डेटनकडून खेळतांना तीन गुणांच्या रेषेबाहेरून जवळ जवळ निम्मे चेंडू टोपलींत टाकीत असे. तेव्हां दुरून गुण मिळण्याची चिंता मिटली. लॅमॉण्ट बटलर ह्यानें २०२३ सालीं शेवटच्या क्षणीं चेंडू टाकून सॅन डिएगो स्टेट संघास अंतिम सामन्यांत नेलें होतें. तेव्हां धीराचा गडी मिळाला. इंग्लंडांतून आलेला अमारी विल्यम्स ड्रेक्सेल विद्यापीठांत बचावासाठीं नांवाजलेला. तेव्हां टोपलीखालचा गड राखला गेला. जॅक्सन रॉबिन्सन पोप यांच्याच जुन्या संघांतला. तेव्हां तो सर्वांचा म्होरक्या होणार. ओटेगा ओवे ह्याचे ओक्लाहोमा येथें सामन्यागणिक सरासरी ११.४ गुण, तेव्हां तो मदतीस बरा. असा हिशेब मांडून वृत्तपत्रकारांनीं ह्या संघास देशांत तेविसावें स्थान दिलें.

ह्या हिशेबांत खोटें कांहींच नव्हतें. परंतु तो अपुरा होता. इशायाच्या घरीं राजा निवडण्यास गेलेला शमुवेल संदेष्टाही प्रथम अलियाबाच्या उंचीकडे पाहून फसला होता, ही कथा विद्यार्थ्यांनीं अनेकदां ऐकली आहे. आंकडे म्हणजे तरी काय? एका मुलानें एका विशिष्ट शिक्षकाच्या हाताखालीं, विशिष्ट सोबत्यांच्या साह्यानें काल काय केलें, त्याची ती नोंद. सोबती बदलले, शिक्षक बदलला, म्हणजे त्या नोंदीचा अर्थही बदलतो. पूर्वीं जे आपापल्या संघांत मुख्य होते असे पांच जण एकत्र आणले, तरी चेंडू एकच राहतो. म्हणून नव्या गड्याविषयीं खरा प्रश्न तो गेल्या वर्षीं किती गुण मिळवीत होता हा नसून, सोबत्यासाठीं त्यांतले किती गुण सोडण्यास तो तयार आहे, हा होय. आणि ह्या प्रश्नाचें उत्तर हंगामापूर्वीं कोणत्याही वहींत सांपडत नाहीं.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. ज्यास सर्वांनीं मदतीस बरा म्हटलें होतें, तो ओवेच सामन्यागणिक १६.२ गुण मिळवून संघाचा आधार झाला. २०२५ च्या फेब्रुवारींत व मार्चांत ज्या ओक्लाहोमा विद्यापीठांतून तो आला होता, त्याच्याशींच दोन सामने झाले. दोन्ही केंटकीनें अवघ्या एका गुणानें जिंकले, आणि दोन्ही वेळां शेवटची निर्णायक टोपली ओवे ह्याचीच होती. म्होरक्या मानलेला रॉबिन्सन मनगटाच्या दुखापतीनें हंगाम पुरा करूं शकला नाहीं. बटलर ह्याचा खांदा दुखावला. तरीही ह्या मोडक्या संघानें सिएटल येथें गॉन्झागा संघाविरुद्ध मोठी पिछाडी भरून काढून ज्यादा वेळांत ९० विरुद्ध ८९ असा जय मिळविला. पुढें त्या वर्षीं राष्ट्रीय विजेता ठरलेल्या फ्लॉरिडास १०६ विरुद्ध १०० गुणांनीं हरविलें. आणि शेजारच्या टेनेसीस हंगामांत दोनदां नमविलें. शेवटीं राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या फेरींत त्याच टेनेसीनें केंटकीस ७८ विरुद्ध ६५ असें घरीं पाठविलें. चोवीस जय, बारा पराजय. ही कांहीं विजेत्याची कामगिरी नव्हे. परंतु लेक्सिंग्टनच्या लोकांनीं ह्या मुलांवर जें प्रेम केलें तें जयापजयाच्या हिशेबांतून आलेलें नव्हतें.

तें कोठून आलें हें समजण्यास आणखी मागें गेलें पाहिजे. १९८९ सालीं केंटकीच्या संघचालकांकडून झालेल्या नियमभंगाबद्दल संघास दोन वर्षें राष्ट्रीय स्पर्धेस मुकावें लागलें. कित्येक गडी संघ सोडून गेले. रिची फार्मर, डेरॉन फेल्डहॉस, जॉन पेल्फ्री व शॉन वुड्स हे चौघे मात्र राहिले. अपराध त्यांचा नव्हता, शिक्षा मात्र त्यांनीं भोगली. १९९२ सालीं त्यांच्या शेवटच्या सामन्यांत ड्यूक विद्यापीठानें अगदीं शेवटच्या क्षणीं चेंडू टाकून त्यांस १०४ विरुद्ध १०३ असें हरविलें. त्यांच्या हातीं विजेतेपद कधींच लागलें नाहीं. तथापि त्याच वर्षीं त्या चौघांचे सदरे रप क्रीडागृहाच्या छतास सन्मानानें टांगण्यांत आले. विजेत्यांचीं नांवें विसरलेला म्हातारा मनुष्यही तेथें ह्या चौघांचीं नांवें सांगतो.

येथें कोणी म्हणेल, ‘मग आतांच्या मुलांत तसें काय आहे? तीं तर एका वर्षासाठीं येतात व निघून जातात.’ ह्या आक्षेपांत तथ्य आहे. पूर्वीं विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस एक वर्ष सामन्यांपासून दूर बसावें लागे. २०२१ पासून एकदां बदल करणाऱ्यास ती अट राहिली नाहीं. २०२४ पासून अभ्यास समाधानकारक असल्यास कितीही वेळां बदल करण्याची मुभा मिळाली. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंस आपल्या नांवलौकिकावर पैसे घेतां येऊं लागले, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठेंही त्यांस प्रत्यक्ष पैसे देऊं शकतात. साहजिकच पारख ह्या शब्दास बाजाराचा वास येऊं लागला आहे. केंटकीच्या त्या बारा जणांत कोणाचें हें तिसरें, तर कोणाचें चौथें विद्यापीठ होतें.

तथापि ह्याचा दोष मुलांवर टाकणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. प्रशिक्षक वसंत ऋतूंत मोठ्या वेतनावर दुसरीकडे जाऊं शकतो, मग विद्यार्थ्याचेच पाय कां बांधावे? स्वतः मार्क पोप हेही वॉशिंग्टन विद्यापीठांतून दोन वर्षांनीं केंटकीस आलेले होते, व जुन्या नियमाप्रमाणें एक वर्ष बसून राहिले होते. त्यांच्या १९९६ सालच्या संघांत पुढें धंदेवाईक संघांत खेळलेले नऊ जण होते. इतके गुणी लोक एकत्र असतां प्रत्येकास आपला वांटा कमी करून घ्यावाच लागला, आणि तो त्यांनीं घेतला म्हणूनच चौतीस जय व दोनच पराजय अशी त्यांची कीर्ति झाली. तेव्हां बाहेरून आलेला गडी परका असतो, हें म्हणणें खरें नाहीं. तो आपला होतो कीं नाहीं, हें तो किती वर्षें राहिला ह्यावर नव्हे, तर असेल तितके दिवस त्यानें आपलें काय इतरांस दिलें ह्यावर ठरतें.

आम्हांस काळजी वाटते ती निराळ्याच दोन गोष्टींची. पहिली विद्यार्थ्याची. ज्यानें चार वर्षांत चार विद्यापीठें पाहिलीं, त्याची चूक, त्याचा स्वभाव व त्याचें दुःख ओळखणारा एखादा शिक्षक त्यास कोठें भेटावा? नेस्मिथ यांनीं खेळ रचला तो वर्गांतील मुलांसाठीं. मुलें खेळासाठीं जमविलीं नाहींत. केंटकीच्याच शालेय सामन्यांत सर्वांत अधिक गुणांचा विक्रम केलेला ट्रॅव्हिस पेरी घरच्या विद्यापीठांत आला आणि एका हंगामानंतर मिसिसिपी विद्यापीठाकडे गेला. त्यास आम्ही बोल लावीत नाहीं. परंतु घरच्या अंगणांतलें रोप एका वर्षांत उपटावें लागावें, ही व्यवस्था आमच्या शिक्षकी मनास रुचत नाहीं.

दुसरी काळजी अभिमान्यांची. २०२५ च्या हंगामापूर्वीं पुन्हां नवा संघ बांधला गेला, पुन्हां वह्या निघाल्या, आणि ह्या वेळीं वृत्तपत्रकारांनीं नववें स्थान दिलें. पण डिसेंबरांत नॅशव्हिल येथें त्याच गॉन्झागा संघानें केंटकीस ९४ विरुद्ध ५९ असें चीत केलें, तेव्हां केंटकीच्याच प्रेक्षकांनीं आपल्या संघाची हुर्यो केली. वर्षापूर्वीं सर्व अडचणी सोसून जिंकणाऱ्या मुलांसाठीं ज्यांचे डोळे भरून आले, त्याच लोकांनीं हें करावें! ज्यानें माल म्हणून गडी तोलला, त्यास माल कमी भरला कीं संताप येतो. ज्यानें मुलगा म्हणून त्यास घरांत घेतलें, तो त्याच्या पराजयांत त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. अभिमानी म्हणविणाऱ्यानें आपण ह्यांपैकीं कोण, हें हंगामापूर्वींच ठरवावें. खेळाडूंची पारख करतांना आपलीही पारख होत असते.

विद्यार्थ्यांनो, हें सारें आम्ही लांबच्या लेक्सिंग्टनसाठीं लिहीत नाहीं. आपल्या शाळेंतून दरवर्षीं दहावीचा वर्ग निघून जातो आणि जून महिन्यांत आपलाही संघ नव्यानें बांधावा लागतो. कोणी दुसऱ्या गांवच्या शाळेंतून येतो, कोणी वसतिगृहांत पहिल्यानेंच राहावयास येतो. त्याची उंची मोजा, त्याचा नेम पाहा; तें अवश्य आहे. परंतु त्याबरोबर आणखी दोन गोष्टी करा. चेंडू हातीं असतांना तो सोबत्याकडे पाहतो कीं नाहीं, ह्यावर लक्ष ठेवा. आणि पहिला सामना होण्यापूर्वींच, त्याच्या खात्यावर एकही गुण नसतांना, त्यास जेवणाच्या पंगतींत आपल्या शेजारीं बसवा. अशा मुलांचा संघ हरला तरी त्याची कोणी हुर्यो करणार नाहीं, आणि जिंकला तर तो जय सर्व शाळेचा होईल.