कंस कुणाचा, ते सांगा

गेल्या रमजानात माझी भाची एक मराठी पुस्तिका घेऊन आली. नमाजची रीत आणि रोजचे मसले, म्हणजे धर्माचे नियम, सांगणारी. "मामू, यात लिहिलंय रुकूला जाताना हात उचलायचे नाहीत. नानी तर जन्मभर उचलते. तिच्या नमाजा वाया गेल्या का?"

नानी, म्हणजे माझी आई, शेजारीच तसबीह ओढत बसली होती. तिचा चेहरा मला बघवला नाही.

तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. आम्ही कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातल्या एका मताचे. रुकूला, म्हणजे नमाजात वाकायला, जाताना आणि उठताना हात उचलणं ही आमची रीत. पुस्तिका हनफी मताच्या उर्दू पुस्तकावरून उतरवलेली होती. उत्तर हिंदुस्थानात हनफी जास्त, त्यामुळे उर्दूतलं असं बरंच लिखाण त्याच मताचं. दोन्ही मतं हजार वर्षांहून जुनी, दोन्हींना सारखाच मान. पुढे खाण्यापिण्याच्या प्रकरणात समुद्रातला फक्त मासाच हलाल, असंही होतं. हर्णैच्या बंदरावरून म्हाकुळ आणणाऱ्या आमच्या घरात तेवढ्या एका ओळीवरून दोन दिवस वाद झाला. म्हाकुळ मासा नव्हे, पण शाफई मतात ते चालतं. भाषांतरात एक शब्दही चुकला नसेल, पण 'हे हनफी मत आहे' एवढी चार अक्षरं कुठेच नव्हती. माझ्या लेखी ते भाषांतर अविश्वासार्ह ठरलं.

भाषांतर विश्वासार्ह आहे का, हे आपण भाषेच्या सफाईवरून ठरवतो. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, सफाईदार वाक्याची भूल मलाही पडते. आता मात्र मी आधी कंस बघतो: भाषांतरकाराने जोडलेले शब्द वेगळे दाखवलेत का? कुरआनातल्या चौथ्या सूरेची चौतिसावी आयत घ्या, नवरा-बायकोच्या बेबनावाबद्दलची. अब्दुल्ला युसुफ अली हे मुंबईत जन्मलेले, विल्सन कॉलेजात शिकलेले. 1934 पासून लाहोरहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी भाषांतरात बायकोला मारण्याच्या उल्लेखापुढे कंसात 'हलकेच' अशा अर्थाचा शब्द आहे. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे एकेकाळचे संपादक मार्माड्यूक पिकथॉल यांच्या 1930 च्या भाषांतरात तो नाही. लालेह बख्तियार यांनी 2007 मध्ये त्याच क्रियापदाचा अर्थ 'दूर व्हा' असा लावला. मूळ अरबी आयतीत 'हलकेच' हा शब्द नाही. तरी तो युसुफ अलींनी मनाने घातला असंही नाही. इजा होईल असं मारू नये, हे पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या प्रवचनात येतं आणि 'सहीह मुस्लिम' या हदीस-संग्रहात ते नोंदलेलं आहे. म्हणजे कंसाला आधार आहे, पण तो आयतीबाहेरचा. युसुफ अलींनी कंस घालून तेवढं प्रामाणिकपणे दाखवलं. पुढे कुणी इंग्रजीवरून हिंदी आणि हिंदीवरून मराठी करतं, टाइप करताना कंस गळतो, आणि भाष्यातला शब्द अल्लाचा शब्द म्हणून मोबाइलवर फिरू लागतो.

याउलट नूह हा मीम केलर यांचं काम पाहा. 1368 मध्ये वारलेल्या इब्न नकीब अल-मिसरी यांच्या 'उम्दतुस्सालिक' या शाफई ग्रंथाचं त्यांनी इंग्रजी केलं, ते 1991 मध्ये निघालं. इंग्रजीच्या शेजारी मूळ अरबी छापलेलं आहे. नंतरच्या टीकाकारांचं जे घेतलं, त्याच्या आधी त्या त्या टीकाकाराच्या नावाचं अक्षर आहे. गुलामगिरीचे नियम त्यांनी भाषांतरित केले नाहीत. ते करायला हवे होते, असं माझं ठाम मत आहे. इतिहास नको वाटला म्हणून वाचकापासून दूर ठेवू नये. पण त्यांनी तिथलं अरबी काढून टाकलं नाही आणि गाळल्याचंही सांगितलं. म्हणून तर मला त्यांच्याशी वाद घालता येतो. माझ्या भाचीला त्या पुस्तिकेशी वाद घालायला जागाच नव्हती.

अरबी येणारे मराठी वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना, मुसलमान असोत वा नसोत, भाषांतरावरच विसंबावं लागतं. विनोबांनी कुरआनासाठी अरबी शिकून घेतली. तेवढी अपेक्षा सगळ्यांकडून करता येत नाही. म्हणून मराठी प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्याच पानावर छापा: भाषांतर अरबीवरून की उर्दू-इंग्रजीवरून, मूळ प्रत कोणती, मत कोणतं, कंसातले शब्द कुणाचे आणि काय गाळलं. अर्धं पानसुद्धा लागणार नाही. आणि वाचकहो, ते पान नसेल तर त्या पुस्तकावरून आपल्या आईची नमाज चुकीची ठरवू नका.