शाळा बांधायची, तर गावाला आधी विचारा

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचं पाणी बदलापूर-वांगणी दरम्यान रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली. पुराचं पाणी कुठवर चढतं, हे बदलापूर आणि शेजारच्या सोनिवली गावातली जुनी माणसं नकाशा न उघडता सांगतील. शाळेची जागा ठरवताना मात्र त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्यांची आठवण होते ती वर्गणी आणि श्रमदानाच्या वेळी.

खरं तर कायद्याने वाट करून दिली आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तयार कागदावर सह्या घेतल्या की आराखडा झाला.

गावाला खरोखर सामील करून घेतलं तर काय घडतं, हे शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने दाखवलं. दत्तात्रय वारे गुरुजींच्या पुढाकाराला गावकऱ्यांनी जमीन आणि पैशाची जोड दिली, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत शून्य ऊर्जा वर्गखोल्या उभ्या राहिल्या. दूर आफ्रिकेत, बुर्किना फासोतल्या गांदो गावी, त्याच गावचे वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१मध्ये शाळा बांधली. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, बायांनी जमीन चोपून घट्ट केली, विटा गावच्याच मातीच्या. भिंत कशी बांधली हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे पुढे शाळा वाढवण्याचं कामही त्याच हातांनी केलं. २०२२मध्ये केरे यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

सोनिवलीत गावाला सामील करून घेण्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. वाबळेवाडी ही एक वस्ती. इथे जुनं गाव, भोवती वाढणारं शहर, नव्या इमारतींतले रहिवासी आणि कामासाठी आलेली भाड्याने राहणारी कुटुंबं. बरेच पालक पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतात. कामाच्या दिवशी दुपारी सभा बोलवायची आणि मग लोक येत नाहीत म्हणायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. भाडेकरूचं मूल त्याच वर्गात बसतं, तेव्हा त्याच्या आईचं मत सातबारावाल्याच्या मताइतकंच मोलाचं धरायला हवं.

आणि लोकसहभाग म्हणजे सरकारची सुटका नव्हे. वर्गखोली, पाणी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हे मुलांचे हक्क आहेत. गाव गरीब म्हणून ते अडता कामा नयेत. पालकांनी द्यायचं ते लक्ष आणि ज्ञान. त्यासाठी सभा रविवारी घ्यावी. अंदाजपत्रक सोप्या मराठीत शाळेच्या फाटकावर लावावं. कंत्राटदाराचं बिल चुकतं होण्याआधी झालेलं काम पालकांना दाखवावं, आणि त्यांनी काढलेली खोट दुरुस्त झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.