हात लपवू नका

स्मरणिकेच्या या पानावर यंदा आम्ही एक साधा, परंतु घराघरांतील विषय मांडीत आहोत. या देशात आपले अनेक बंधु-भगिनी रुग्णालयांत, केअर होममध्ये, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत व साफसफाईच्या कामावर राबतात. त्यांचे हात लाल होतात, खाजतात, भेगाळतात. 'विलायतेची थंडी बाधली' असे म्हणून ते खोबरेल चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातात.

थंडीने कोरडेपणा वाढतो हे खरे. परंतु सुट्टीत हात सुधारत असतील व कामावर परतताच बिघडत असतील, तर मूळ कामातच शोधले पाहिजे. वैद्यकशास्त्र यास व्यावसायिक त्वचादाह, अर्थात डर्मेटायटिस म्हणते. साबण, जंतुनाशके, इतकेच काय निव्वळ पाणीही त्वचेचा स्निग्ध थर धुऊन नेते. दिवसात दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणे किंवा वीसहून अधिक वेळा ते धुणे, हे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी संस्था धोक्याचे मानते. बोटांच्या बेचक्यांत बहुधा पहिली खूण उमटते. हातमोज्यांत दीर्घकाळ घामेजलेली त्वचाही अशीच दुखावते. लसूण सोलणाऱ्याची बोटे आणि ओले सिमेंट हाताळणाऱ्याचे तळवे यांचीही हीच कथा.

हा विकार संसर्गजन्य नाही, हे आम्ही ठासून सांगू इच्छितो. तरीही रुग्ण हात लपवितात, हस्तांदोलन टाळतात. स्पर्श नाकारला जाण्याची वेदना ज्यांच्या वाडवडिलांनी सोसली, त्यांनी श्रमाने दुखावलेल्या हातांची लाज का बाळगावी?

दुसरी भीती नोकरीची. या बाबतीत ग्रेट ब्रिटनमधील कायदा कामगाराच्या पाठीशी आहे. घातक पदार्थांविषयीच्या २००२ च्या 'कॉश' नियमांनुसार धोका पारखून तो टाळण्याची किंवा आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. १९७४ च्या कायद्यानुसार आवश्यक संरक्षक हातमोज्यांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. कामामुळे झालेल्या त्वचादाहाचे निदान डॉक्टरांनी लेखी दिल्यास, २०१३ च्या नियमांनुसार मालकाने तो सरकारदरबारी कळविणे बंधनकारक आहे.

म्हणून विलंब करू नये. कोमट पाण्याने हात धुवावेत, बेचक्यांसह टिपून कोरडे करावेत, बिनवासाचे मलम दिवसातून अनेकदा लावावे. हळद-लिंबाचे प्रयोग टाळावेत. लिंबाचा रस भेगांना अधिकच झोंबतो. डॉक्टरांकडे जाताना आपण नेमके काय काम करतो व कोणती द्रव्ये हाताळतो, ते सांगावे. गरज भासल्यास पॅच टेस्टने ॲलर्जी शोधता येते. ॲलर्जी एकदा जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते आणि कित्येकांना हातचा व्यवसायच सोडावा लागतो. प्रारंभीच उपाय केल्यास बहुतेकांचे हातही वाचतात आणि कामही.

या हातांनीच आपण परदेशात घरे उभारली, मुलांना शिकविले. ते डॉक्टरांना दाखविण्यात कोणताही कमीपणा नाही.

— संपादक