चाके एका राज्यात, कागद दुसऱ्या राज्यात

अमेरिकेतील सुखवस्तू, विशेषतः निवृत्त कुटुंबांत ‘मोटारहोम’ची आवड जुनी आहे. बसच्या आकाराचे, आत स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर असलेले हे फिरते घर घेऊन ही मंडळी महिनोन् महिने प्रवास करतात. अशा एखाद्या वाहनाची किंमत ४ लाख डॉलर धरली, तर कॅलिफोर्नियातील खरेदीदाराला किमान ७.२५ टक्के दराने २९ हजार डॉलर विक्रीकर भरावा लागतो. ही रक्कम वाचविण्याचा एक मार्ग तेथे वर्षानुवर्षे रूढ आहे आणि तो सुचविणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. दूरच्या मोंटाना राज्यात मर्यादित जबाबदारीची एक कंपनी काढावयाची आणि वाहन तिच्या नावाने घ्यावयाचे.

मोंटानात सर्वसाधारण विक्रीकर नाही. कंपनी काढणाऱ्याने त्या राज्याचे रहिवासी असले पाहिजे, अशीही अट नाही. स्थानिक प्रतिनिधी नेमला की झाले. या कंपनीला कचेरी नसते, नोकर नसतो, गिऱ्हाईक नसते. तिची मालमत्ता एकच, ती म्हणजे ते वाहन. आणि ते उभे असते मालकाच्या कॅलिफोर्नियातील अंगणात. सुमारे ११ लाख वस्तीच्या मोंटानात माणसांपेक्षा नोंदलेली वाहने अधिक आहेत, याचे एक कारण हेही आहे.

यात बेकायदेशीर काय, असा प्रश्न या मार्गाचे समर्थक विचारतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ साली नेमके असेच एक प्रकरण आले होते. तेथील रहिवाशाने मोंटानातील कंपनीच्या नावाने फिरते घर घेतले आणि राज्याच्या महसूल खात्याने त्याच्याकडे कर मागितला. न्यायालयाने निकाल करदात्याच्या बाजूने दिला. कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी कायदेशीर व्यक्ती होय. कर वाचविण्याच्या हेतूने ती काढली, एवढ्यावरून तो पडदा बाजूला सारता येत नाही, असा त्याचा आशय. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मॅक्डॉवेल प्रकरणात वेगळा सूर लावला होता. करनियोजन कायद्याच्या चौकटीत असेल तर ते योग्यच. परंतु बनावट रचनांना करनियोजन म्हणता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले गेले. कायद्याच्या अक्षराला मान द्यावा की व्यवहाराच्या वास्तवाला, हा वाद दोन्ही देशांत अद्याप पुरता मिटलेला नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र प्रश्न पुष्कळ सरळ आहे. निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे कर ठेवावेत आणि नागरिकाने आपल्या पसंतीचे राज्य निवडावे, या स्पर्धेचे समर्थन चार्ल्स टीबो यांच्या १९५६ सालच्या प्रसिद्ध निबंधापासून केले जाते. पण त्या विवेचनात माणूस खरोखरच बिऱ्हाड हलवितो, हे गृहीत धरलेले आहे. कमी कराबरोबर तो कमी सोयीही पत्करतो. मोंटानाची नंबरपाटी लावणारा कॅलिफोर्नियाचा रहिवासी काहीच हलवीत नाही. रस्ते, पोलीस, रुग्णवाहिका, नातवंडांच्या शाळा हे सारे तो कॅलिफोर्नियाचेच वापरतो. हलतो तो फक्त कागद.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की ही पळवाट सर्वांना खुली नाही. कंपनी स्थापण्याचा खर्च, प्रतिनिधीचे वार्षिक शुल्क, नोंदणीची फी हे सारे वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. समजा हा खर्च २ हजार डॉलर झाला. ४ लाखांच्या वाहनावर २९ हजार वाचविणाऱ्याला तो चिल्लर वाटेल. पण २० हजार डॉलरांची साधी मोटार घेणाऱ्या शिक्षिकेचा करच मुळी १,४५० डॉलर होतो. तिने पळवाट शोधणे म्हणजे पदरचे साडेपाचशे घालविणे. विक्रीकराचा भार गरिबावर अधिक पडतो, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. या मार्गाने तो भार आणखी खाली सरकतो.

मोंटानाला यातून मिळते तरी किती? तेथील विधिमंडळाने २०१७ साली ३ लाख डॉलरांहून महाग आणि फार जुन्या नसलेल्या फिरत्या घरांवर वर्षाला ८०० डॉलर जादा फी बसविली. शेजाऱ्याचे २९ हजार बुडावेत आणि आपल्या पेटीत ८०० पडावेत, असा हा सौदा आहे. मोंटाना तो आपण होऊन मोडील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

म्हणून इलाज कर गमावणाऱ्या राज्यांनाच करावा लागतो. कॅलिफोर्नियाने तो बऱ्याच अंशी केला आहे. बाहेर घेतलेले वाहन पहिल्या बारा महिन्यांत राज्यात आणले तर त्यावर वापरकर लागू शकतो. आणि मोजक्या भागीदारांच्या कंपनीत निम्मा किंवा अधिक हिस्सा कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचा असेल, तर ती कंपनीही रहिवासीच मानली जाते. अंमलबजावणीची बाजू मात्र लंगडी आहे. परराज्याच्या पाट्या दिसल्यास कळवा, असे आवाहन तेथील महामार्ग पोलीस नागरिकांना करतात. जो कर शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवल्याखेरीज वसूल होत नाही, त्याच्या रचनेतच काही चुकले आहे असे म्हणावे लागेल.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रारंभीच योग्य प्रश्न विचारला आहे. वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते, तेथे त्याची नोंदणी व्हावी, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिल्यास तेथे नवी नोंदणी घ्यावी. महाराष्ट्रात तर कंपनीच्या आडोशाने कर कमी होण्याऐवजी वाढतो. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर कंपनीच्या मोटारीला २० टक्के. तरीही २०१७ साली केरळात उघडकीस आलेली प्रकरणे विसरता येणार नाहीत. पुदुच्चेरीतील पत्ते दाखवून महागड्या मोटारी तेथे नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्या धावत होत्या केरळच्या रस्त्यांवर. कायदा वाहन कोठे आहे ते विचारतो. कचेरी पत्त्याचा कागद पाहून समाधान मानते.

अमेरिकेत आणखी एक वर्ग आहे, आणि त्याला या टीकेतून वगळले पाहिजे. घर विकून बाराही महिने फिरत्या घरातच राहणाऱ्या जोडप्यांना कायमचा पत्ताच नसतो. त्यांतील अनेक जण साउथ डकोटाचे रहिवासी होतात; तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती वाहनपरवान्यासाठी पुरते. ही सवलत विचित्र दिसते, पण या माणसांनी मागील राज्य खरोखर सोडलेले असते. त्यांच्यासाठी वर्षातील सर्वाधिक दिवस जेथे वाहन राहिले, त्या राज्याने कर घ्यावा आणि इतरत्र भरलेल्या कराची वजावट द्यावी, हा नियम न्याय्य ठरेल. विमा कंपन्या वाहन कोठे उभे असते हे हप्ता ठरविताना विचारतातच. महसूल खात्यांनीही तेच विचारावे आणि मालकाच्या जागी कंपनीचे नाव असले तरी उत्तर तेच मागावे.