खाल्लेलं अंगी लागतं का?

काय मित्रमैत्रिणींनो, जेवणं झाली का? आणि जेवणावर चहा? थांबा, कप जरा खाली ठेवा. आजच्या गप्पांची सुरुवात त्या कपापासूनच करायची आहे.

पण त्याआधी एक पत्र वाचू या. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आलेलं आहे. 'माझं नाव छापू नका' असं लिहिलंय, म्हणून नाव सांगत नाही. ती लिहिते :

'डॉक्टरमावशी, मी आठवीत आहे. मी आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघात होते. आता सरांनी मला राखीवमध्ये बसवलंय, कारण दोन मिनिटं पळलं की मला दम लागतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दप्तर घेऊन जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. वर्गात जांभया येतात. आई म्हणते, आळशी झालीस. आजी म्हणते, पोरगी खाते सगळं, पण अंगी लागत नाही. मावशी, मी खरंच आळशी आहे का? आणि एक गुपित. मी लहान भावाच्या पाटीवरच्या पेन्सिली खाते. सोडायचं ठरवलं तरी सुटत नाही.'

पत्राबरोबर तिनं आपलं दिवसभराचं खाणंही लिहून पाठवलंय. सकाळी चहा-चपाती. दुपारी ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी. त्यावर लगेच अर्धा कप चहा. संध्याकाळी चहा-बिस्किट. रात्री भात-आमटी किंवा भाकरी-भाजी.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय आहे? भाकरी आहे, डाळ आहे, शेंगदाणे आहेत. पोट तर भरतंय! बरोबर. पण पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. आजीनं कळून-नकळून अगदी नेमका शब्द वापरलाय बघा.

रक्तातलं लोखंड

आपल्या शरीराला काही गोष्टी स्वतः बनवता येत नाहीत. खनिजं ही त्यांतलीच. ती मातीत असतात. मातीतून पिकात येतात, पिकातून ताटात आणि ताटातून आपल्यात. हाडांना आणि दातांना कॅल्शियम लागतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं. ते कमी पडलं तर गळा सुजून गलगंड होतो आणि लहान बाळांच्या बुद्धीची वाढही खुंटते. म्हणून तर मिठात आयोडीन घालतात. वाढीला आणि जखमा भरून यायला जस्त लागतं. आणि रक्ताला लागतं लोह. म्हणजे आपलं साधं लोखंड!

मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं किती? फक्त ३ ते ४ ग्रॅम. एखादा खिळा होईल एवढंच. पण त्याच्यावाचून सगळं अडतं. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या गाभ्यात लोह असतं. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या बोटापासून मेंदूपर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. हमाल कमी असले की माल पोचत नाही. पायाला प्राणवायू कमी मिळाला की पाय गळतात, मेंदूला कमी मिळाला की गणितात लक्ष लागत नाही. हृदय बिचारं धडधड वाढवून कसंबसं भागवतं. म्हणूनच जिना चढताना छातीत धडधडतं.

यालाच रक्तक्षय किंवा अॅनिमिया म्हणतात. चेहरा निस्तेज दिसतो, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून लाल दिसण्याऐवजी फिकट दिसते, नखं पातळ होतात. आणि काही जणांना माती, खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं. ती वाईट खोड नसते. अंगात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. तेव्हा शुक्रवार पेठेतल्या मैत्रिणी, तुझं गुपित तू सांगितलंस ते फार बरं केलंस. पेन्सिलीत मात्र तुला हवं असलेलं लोह नाही हं!

आणि तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांत हेच प्रमाण १०० मध्ये ३१. मुलींमध्ये जास्त का? एक तर या वयात उंची भराभर वाढते आणि रक्तही वाढावं लागतं. शिवाय पाळी सुरू झाली की दर महिन्याला थोडं लोह बाहेर जातं. ही लाजायची गोष्ट नाही, साधा हिशेब आहे. जमा कमी आणि खर्च जास्त!

ताटात आहे, मग जातं कुठे?

सोलापूरकरांची ज्वारी काही साधीसुधी नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं. बाजरीत त्याहून जास्त. हुलगा, मटकी, हरभरा, पालेभाज्या, तीळ यांतही असतं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटात रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लोह यावं, असं आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांनी ठरवलंय. त्याच वयाच्या मुलाला २२ पुरतं.

पण गंमत पुढेच आहे. धान्य, डाळी आणि भाजीतलं लोह आपलं आतडं फार कमी उचलतं. १०० भागांतले जेमतेम ५ ते १०. धान्याच्या आणि डाळीच्या दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला घट्ट धरून ठेवतो. आणि उरल्यासुरल्याला अडवायला येतो आपला लाडका चहा! चहात टॅनिनसारखे तुरट पदार्थ असतात. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला, तर अन्नातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. दुधाचा असला म्हणून चहाची सुटका नाही. कॉफीचंही तेच.

पटत नाही? मग हा प्रयोग करा. मोठ्यांना विचारून बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा एका काचेच्या जुन्या ग्लासात घ्या. त्यात दोन-तीन लोखंडी खिळे टाका. ग्लासावर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पाहा, चहा शाईसारखा काळपट झालेला असेल. लोखंड आणि टॅनिन एकमेकांना चिकटले की असा काळा रंग होतो. कापड रंगवणाऱ्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिरडा तुरट असतो आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. दोन्ही एकत्र आले की कापडावर काळा रंग चढतो. चादरींच्या गावातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. असंच काहीसं तुमच्या पोटात, भाकरीतल्या लोहाचं होतं. (प्रयोगातला चहा मोरीत ओतून ग्लास स्वच्छ धुवा.)

लाल म्हणजे लोह नव्हे

'रक्त कमी आहे ना, मग बीट खा, डाळिंब खा', असं घरोघरी सांगतात. बीट आणि डाळिंब चांगलेच आहेत, जरूर खा. पण त्यांचा लाल रंग लोहाचा नसतो. तो वेगळ्याच रंगद्रव्यांचा असतो. नेहमीच्या डाळिंबात लोह बेताचंच असतं. म्हणून तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं 'सोलापूर लाल' नावाचा खास वाण तयार केला. २०१७ मध्ये तो पुढे आला. त्यात नेहमीच्या 'गणेश' जातीपेक्षा लोह जास्त आहे, जस्त आणि 'क' जीवनसत्त्वही जास्त आहे. गुळाचंही तसंच. गुळात लोह असतं, पण आपण खातो तो खडा केवढासा! नुसत्या गुळावर रक्त भरत नाही.

मग भरतं कशावर? आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. तिथे १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर एक अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नेहमीच्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, काहींना जास्त लोह असलेल्या बाजरीची. असं सहा महिने चाललं. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीहून अधिक निघाली. ना टॉनिक, ना महागडा डबा. नुसती भाकरी! 'धनशक्ती' नावाचा हा बाजरीचा वाण महाराष्ट्रात २०१२ साली आला.

लिंबाची फोड कशाला?

लोह अडवणारे जसे आहेत, तसे मदत करणारेही आहेत. सगळ्यांत मोठा मदतनीस म्हणजे 'क' जीवनसत्त्व. ते जेवणात असलं की लोह सहज शोषलं जातं. तेव्हा ताटातल्या लिंबाच्या फोडीला शोभेची समजू नका. एवढं करा :

१. आमटीत, उसळीत लिंबू पिळा, तेही वाढून घेतल्यावर. उकळलं की 'क' जीवनसत्त्व कमी होतं. लिंबू नसेल तर पेरूच्या दोन फोडी, आवळा, कच्चा टोमॅटो किंवा कोबी चालेल.

२. मटकी, हुलगा, हरभरा भिजवून मोड आणा. ज्वारीच्या पिठाची आंबील करा. मोड आणल्यानं आणि आंबवल्यानं फायटेट कमी होतं.

३. पालेभाजी लोखंडी कढईत करा. शिजली की दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

४. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर नको. खरं तर तुमच्या वयाला चहा नसला तरी काही बिघडत नाही!

५. घरात मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह जास्त सहज अंगी लागतं.

६. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा आणि चपला घालून फिरा. आकडीसारखे जंत मातीतून, अनवाणी पायांतून अंगात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

निळ्या गोळीची भीती

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते ना? दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ती असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल असतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असते. बरीच मुलं ती खिडकीतून फेकतात, हे मला ठाऊक आहे! का, तर मळमळतं, शौचाला काळं होतं. काळं होणं हे लोहामुळे असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उपाशीपोटी घेऊ नका, पाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. मात्र आपल्या मनानं जास्त गोळ्या कधीही घेऊ नका. आणि घरातल्या लहान भावंडांच्या हाती ही पाकिटं लागू देऊ नका. त्यांना लोहाच्या जास्त गोळ्यांनी जिवावर बेतू शकतं.

आई-बाबांसाठी

मूल एकाएकी आळशी झालं, चिडचिडं झालं, अभ्यासात मागे पडलं, तर रागावण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही हिमोग्लोबिनची तपासणी होते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत ते १२ च्या खाली असलं तर रक्तक्षय समजतात. पण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असं नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा सिकलसेलसारखा आनुवंशिक आजारही असू शकतो. म्हणून दुकानातून टॉनिक आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि आता त्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगते. मी तिला उत्तर पाठवलं होतं, 'आईला घेऊन दवाखान्यात जा.' मागच्या आठवड्यात तिचं दुसरं पत्र आलं. तिचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि पेन्सिली खाणाऱ्या या मुलीला न रागावता सगळं समजावून सांगितलं. मग ते सोबत आलेल्या आईकडे वळले. म्हणाले, 'आता तुमचंही तपासू या.' आईचं ८.४ निघालं. तिच्याहून कमी! रोज सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली भाकरी खायची आणि भांडी घासायच्या आधी चहा घ्यायचा, असं तिचं कित्येक वर्षं चालू होतं. तिला आळशी म्हणणारं घरात कुणी नव्हतं, कारण ती थकली तरी बसतच नव्हती.

आता त्या घरी रात्री सगळे एकदम जेवायला बसतात. आजी स्वतः लिंबू चिरते. दोघींच्या गोळ्या चालू आहेत. रक्त भरायला काही आठवडे लागतात आणि अंगातला साठा पुन्हा भरायला आणखी काही महिने, तेव्हा दोघींनी कंटाळून मध्येच सोडायचं नाही हं! खो-खोच्या संघात ती अजून राखीवच आहे. पण जिन्यात आता थांबावं लागत नाही, असं तिनं लिहिलंय. आणि खाली छोट्या अक्षरांत, 'मावशी, आई आता मला आळशी म्हणत नाही.'

आज एक काम करा. जेवताना आईच्या ताटात डोकावून बघा. तिच्या ताटात काय आहे, किती आहे आणि ती कधी जेवते, ते मला लिहून कळवा.

पुढच्या आठवड्यात आयोडीन आणि मिठाच्या बरणीच्या झाकणाची गोष्ट. तोपर्यंत, लिंबू पिळा आणि चहाला जरा थांबवा!

तुमची,
डॉक्टरमावशी